खणलेल्या डोंगराचं चित्र कसं काढायचं?

नाशिकच्या एका तरुण चित्रकाराचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "ताई, जी. डी. आर्ट झाल्यापासून मी जलरंगात निसर्गचित्रं करतोय. ब्रह्मगिरी, अंजनेरी, सारूळच्या खाणी आणि गोदावरी हे माझे विषय. डोंगर पोखरले जाताहेत ते मला मांडायचंय. पण खाणीचं चित्र केलं की एकतर ते सुंदर दिसतं, नाहीतर 'पर्यावरण वाचवा'च्या पोस्टरसारखं होतं. यासाठी भूशास्त्र किती शिकावं लागेल? मातीचे रंग वापरावेत का? आणि मोठी मांडणी (इन्स्टॉलेशन) केल्याशिवाय हा विषय पेलतच नाही का?"

माझं आयुष्य याच कामात गेलं आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी तुम्ही चित्र काढताना कुठे उभे राहता ते बघू. नाशिकला जलरंगातल्या निसर्गचित्रांची मोठी परंपरा आहे. शिवाजी तुपे यांनी रंगवलेले गोदेचे घाट, मंदिरं, जुने वाडे बघत आमच्यासारख्यांची नजर तयार झाली. त्या परंपरेत चित्रकार विषयापासून थोडा लांब बसतो. समोर डोंगराची कड, वर आकाश, खाली शेतं, एखादी पाऊलवाट. घाटासाठी आणि वाड्यासाठी ती जागा बरोबर आहे. खाण मात्र लांबून सुंदरच दिसणार. ताजा फुटलेला काळा दगड, त्यावर तिरपं ऊन, पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेला कडा, तळात साचलेलं हिरवट पाणी, इतकी देखणी रचना मुद्दाम जुळवूनही मिळत नाही. मग ते सौंदर्य खटकतं, म्हणून आपण एक वठलेलं झाड घालतो, पिवळा पोकलेन घालतो, आणि पोस्टर होतं. दोन्ही वेळा डोंगराबद्दल काहीच सांगून होत नाही, कारण डोंगराच्या आत काय आहे ते चित्रात आलेलंच नसतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: काही महिने देखावा सोडा आणि उभा छेद काढा. विहिरीच्या कडेचा, रस्त्याच्या कटिंगचा, खाणीच्या भिंतीचा. वरपासून खालपर्यंत, प्रमाणात, शेजारी फुटांची पट्टी आखून. आकाश नको, क्षितिज नको.

भूशास्त्र किती हवं, याचं उत्तर या छेदातच मिळतं. जेवढ्याने समोरच्या भिंतीतली प्रत्येक रेघ का आहे ते कळेल, तेवढं. आपल्याकडे ते फार अवघड नाही, कारण नाशिक जिल्हा जवळजवळ सगळा एकाच प्रकारच्या दगडाचा आहे, बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा वाहत आला, थांबला, निवला, पुन्हा आला. त्यातला बराचसा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. आज त्याचा पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. त्यातल्या थरांच्या एका गटाला भूशास्त्रज्ञांनी आपल्या इगतपुरीचंच नाव दिलेलं आहे.

प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहतो. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी विटकरी लाल मातीचा पट्टा सापडतो. एक लाव्हा थंड झाल्यावर त्याचा पृष्ठभाग उघड्यावर झिजला, त्याची माती झाली, आणि मग तिच्यावरून पुढचा लाव्हा आला. घट्ट भागाचा कडा होतो, मऊ भागाचा उतार आणि पदर, म्हणजे कड्याखालची सपाट पायरी. तुम्ही आजवर सह्याद्रीच्या ज्या आडव्या पट्ट्या सवयीने ब्रश आडवा फिरवून काढत आलात, त्यातली प्रत्येक पट्टी ही एकेका लाव्ह्याची किंवा दोन लाव्ह्यांमधल्या शांत काळाची आहे. एकदा हे समजलं की हात आपोआप बदलतो. कड्याची रेघ आणि उताराची रेघ एकाच दाबाने निघत नाही.

आणि पाणीही इथेच कळतं. पावसाचं पाणी वरच्या थराच्या भेगांतून झिरपत खाली येतं, लाल पट्ट्याशी अडतं, आणि आडवं वाहत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. एप्रिलमध्ये कोरड्या ठाक डोंगरावर मधूनच एक हिरवी आडवी रेघ दिसते ना, ती बरेचदा त्यामुळे. तिथे झरा असतो, झऱ्याच्या आसऱ्याने झाडं, त्याच पदरावर वस्ती आणि गुरांची वाट. गडांवरची टाकी खोदणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी चाललेल्या खोदकामाविरुद्ध नाशिककरांनी आवाज उठवला, तेव्हा गोदेच्या उगमाबद्दलची श्रद्धा त्यात होतीच, पण पदर कापला की झऱ्याची वाट तुटते हे साधं ज्ञानही होतं. छेदाच्या चित्रात हे एका नजरेत दाखवता येतं. लांबून काढलेल्या ब्रह्मगिरीत ते कितीही रंग ओतले तरी दिसणार नाही.

सराव म्हणून एक काम सांगते. वाहतूक नसलेलं एखादं जुनं कटिंग शोधा, जिथे दोन थरांची सांध दिसते. एक भिंग आणि साधा पांढरा कागद घेऊन सांध्याजवळ बसा. वरच्या थराच्या अगदी तळाशी बारीक उभ्या नळ्या दिसतात, पेन्सिलीएवढ्या जाड, बोटभर लांब. पुष्कळदा त्यांत पांढरा खनिजाचा गर भरलेला असतो. लाव्हा खालच्या ओलसर जमिनीवरून सरकताना वाफ आणि वायू वर चढले त्यांच्या या वाटा. नीट पाहिलंत तर काही नळ्या वरच्या टोकाला एका बाजूला झुकलेल्या असतात. ज्या दिशेला त्या झुकल्या, त्या दिशेने लाव्हा सरकत होता. एका नळीचं चित्र आहे त्याच मापात काढा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका दुपारची हालचाल तुमच्या कागदावर येते, आणि तिला आकाशाची, ढगांची गरज लागत नाही. इगतपुरीकडच्या काही थरांत फेल्डस्पार या खनिजाचे दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे पांढरट स्फटिक काळ्या दगडात विखुरलेले दिसतात. तेही असेच मापात काढून बघा.

पोकळ्यांमधली खनिजं हा वेगळाच खजिना आहे. थंड झालेल्या दगडातून पुढे गरम पाणी फिरलं आणि त्याने बुडबुड्यांच्या जागी स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट असे स्फटिक वाढवले. सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय पाहिलं नसेल तर आधी तिथे एक पूर्ण दिवस काढा. तिथे उभं राहिल्यावर आपल्या विषयातली अडचणीची गोष्ट समोर येते: हे स्फटिक डोंगराने आपणहून दाखवलेले नाहीत. ते विहिरी खणताना, पाया खोदताना, खाणी फोडताना निघाले. खोदल्याशिवाय आपल्याला हे सौंदर्य दिसलंच नसतं. या विषयावर काम करायचं तर ही गोष्ट चित्रातून पुसून टाकून चालणार नाही. ज्या पोकलेनवर आपला राग आहे, त्यानेच आपल्याला दगडाचं पोट दाखवलेलं असतं.

पांडवलेणीकडेही मग वेगळ्या नजरेने बघता येतं. त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत, साधारण इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकापासून पुढे दोन-तीनशे वर्षांत कोरलेली. तीही खोदकामच. क्रमांक ३च्या लेण्यात ओसरीचा भार खांद्यावर घेतलेल्या यक्षांच्या मोठ्या आकृती आहेत, जमिनीतून अर्ध्याच वर आलेल्या. कोरणाऱ्याने वजन या गोष्टीचा किती विचार केला होता ते त्यांच्या खांद्यांत दिसतं. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख तिथेच आहे, आणि तिथल्या लेखांत गावं, शेतं दान दिल्याचे उल्लेख आहेत. म्हणजे डोंगर, जमीन आणि तिची मालकी हा विषय नाशकात दोन हजार वर्षं कातळावर लिहिलेला आहे.

तिथे जिथे भिंत शेवटच्या हातापर्यंत गुळगुळीत केलेली नाही, तिथे तिरप्या उजेडात छन्नीचे घाव दिसतात. छोटे, तिरके, शेजारी शेजारी, एका घावाला नखाएवढी कपची निघालेली. ते डोळ्यांनी बघून वहीत उतरवा. त्यावर कागद ठेवून घासचित्र घेऊ नका, ते संरक्षित स्मारक आहे आणि परवानगीशिवाय असं काहीही करायचं नसतं. मग महामार्गाच्या एखाद्या कटिंगला जा. तिथे कातळावर उभ्या अर्ध्या नळ्या दिसतील, एकमेकींपासून ठरावीक अंतरावर. सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांचा तो उरलेला अर्धा भाग. जॅकहॅमरचं भोक सव्वा इंचाच्या आसपास असतं, मोठ्या यंत्राचं त्याहून बरंच रुंद. इथे घासचित्र घ्यायला हरकत नाही. पातळ हातकागद किंवा मलमलीचा तुकडा कातळावर ताणून धरा आणि मेणखडू आडवा फिरवा. लेण्यातला घाव आणि कटिंगमधली नळी एकाच कागदावर, एकाच मापात, शेजारी शेजारी ठेवा. त्याखाली काही लिहू नका. माणसाच्या हाताचा वेग कसा बदलला ते बघणाऱ्याला कळतं. अशा एका कागदात मला जे सांगता आलं, ते मोठमोठ्या कॅनव्हासवर कधी जमलं नसतं.

काळाचा प्रश्न प्रत्येकाला छळतो. इतका प्रचंड काळ दाखवायचा कसा? एक मिलिमीटर म्हणजे हजार वर्षं धरा. लाव्ह्यापासून आजपर्यंत ६६ मीटर कागद लागतो. लाव्ह्याचा मुख्य काळ पहिल्या मीटरभरात संपतो. आपली मानवजात शेवटच्या फूटभरात येते, पांडवलेणी शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये. सुरुंग आणि क्रशर ज्या काळात आले तो भाग पेन्सिलीच्या रेघेपेक्षाही बारीक. ६६ मीटरचा रोल कुठल्याही छापखान्यात मिळतो. तो रिकामाच ठेवायचा धीर मात्र लागतो. बहुतेकांना वाटतं की मधे डायनोसॉर, हत्ती, नद्या काढाव्यात. तसं करू नका. चालून जाताना लागणारा रिकामा कागद हेच ते काम आहे.

आता मोजमाप. तुमचं काम पोस्टर होऊ नये यासाठी मला सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच वाटतो. हळहळ व्यक्त करण्यापेक्षा मोजा. आणि मोजताना लोकांचीच मापं घ्या. दगड, मुरूम, माती आपल्याकडे ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट रुंद, दहा फूट उंच, एक फूट खोल. नीट विचार केलात तर हे चित्रकाराचंच माप आहे, एका भिंतीएवढं. जागेवरचा अखंड काळा पाषाण असेल तर त्या एका ब्रासचं वजन आठ टनांच्या आसपास भरतं. फोडून खडी केली की तोच माल फुगतो, आणि खडीचा एक ब्रास चार-साडेचार टनांचा होतो. दहा बाय दहा फुटांचा एक छेद काढा, एक फूट खोलीच्या चौकटीत बसवा, आणि नाव द्या 'एक ब्रास'. डंपर, पावत्या, स्वामित्वधन या रोजच्या व्यवहारातला माणूस त्या चौकटीसमोर थांबेल. त्याला कला समजावून सांगावी लागणार नाही.

पाण्याचं माप तर नाशिककरांच्या अंगात भिनलेलं आहे. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, यावरून आपण पुराचा अंदाज करतो. नारोशंकराच्या मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी गेल्याच्या आठवणी १९६९च्या पुराच्या संदर्भात आजही सांगतात. इतकं उत्तम मापनयंत्र जगातल्या फार थोड्या शहरांकडे असेल: देवाचं शरीर, जे सगळ्यांना पाठ आहे. २००८च्या पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा हे शब्द आले. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. नकाशावर त्या आखल्या, पण शहरातून चालताना त्या कुठेच दिसत नाहीत. निळ्या रेषेच्या वाटेने चालून, घरमालकाला विचारून, त्या उंचीवर खडूची एक रेघ ओढत जाणं हे आख्खं काम होऊ शकतं. एका पावसात ती धुऊन जाईल, तोवर लोक तिच्याबद्दल बोललेले असतील.

गोदावरीच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती नदी आणि खाण यांना जोडते. रामकुंडाच्या परिसरातल्या कुंडांच्या तळात काँक्रीट ओतलं गेलं. ते काढून नदीचे झरे मोकळे करावेत म्हणून लढा न्यायालयापर्यंत गेला. त्या काँक्रीटमध्ये काय असतं? सिमेंट, वाळू आणि खडी. खडी याच डोंगरांची. डोंगर फोडायचा आणि त्याच डोंगरातून निघालेल्या नदीचा तळ त्याने बुजवायचा. तुम्ही 'डोंगर' आणि 'गोदावरी' असे दोन वेगळे विषय लिहिले आहेत, माझ्या मते तो एकच विषय आहे. क्रशरपासून घाटापर्यंत एका दगडाचा प्रवास काढा.

तरीही माणसाचा हात लागला की सगळं नासतं, असा सूर लावू नका. नांदूरमधमेश्वरला जाऊन या. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बंधारा घातला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला. बंधाऱ्याच्या दृष्टीने तो गाळ म्हणजे तोटाच, साठवण कमी झाली. पण त्या गाळावर उथळ पाणी, गवत, बेटं तयार झाली, पक्षी आले, अभयारण्य झालं, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. नाशिक शहराचं सांडपाणी घेऊन येणारी नदीही तीच, आणि पाणवेलींचे हिरवे गालिचे पसरतात तेही तिच्याच अंगावर. हे सगळं एकाच चित्रात बसवायचं तर चित्रकाराला आपला राग थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. या ठिकाणी मी स्वतः सर्वात जास्त शिकले. गाळाचा एक गाभा, म्हणजे पाईप खुपसून काढलेला उभा नमुना, काचेच्या नळीत ठेवला तरी पुरे होतं: खाली जाडसर, वर बारीक, मधे काळपट पट्ट्या. अर्थात अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय मातीच काय, पीसही उचलायचं नाही. धरणांतून शेतासाठी काढलेला गाळ बाहेर सहज मिळतो, तो वापरा.

मातीचे रंग वापरावेत का, असं तुम्ही विचारलं आहे. जरूर वापरा, पण प्रत्येक माती रंग देत नाही हे आधी समजून घ्या. लाल पट्ट्याची माती सर्वांत इमानी. तिच्यात लोहाचं ऑक्साइड भरपूर असतं, रंग उन्हाने उडत नाही, कागदावर छान बसतो. आपल्या घरांच्या भिंतींवर काव आणि गेरू पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते याचमुळे. मुरूम पिवळट तपकिरी रंग देतो, पण तो खरखरीत असतो, पुष्कळ घोटावा लागतो. काळी माती मात्र बहुतेकांची निराशा करते. शेतात इतकी काळी दिसणारी माती कागदावर राखाडी तपकिरी होते, आणि थर जाड झाला की तडकते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. तिचा रंग म्हणून उपयोग न करता स्वभाव म्हणून उपयोग करा. लाकडी फळीवर बोटभर जाड थर द्या, सावलीत वाळू द्या, आणि भेगांना आपलं काम करू द्या. ताजा काळा पाषाण दळला की फिकट करडा होतो. क्रशरवरची कच चाळून घेतली तर तो रंग आयता मिळतो.

हिरव्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो आपल्या दगडाचा अभिमान आहे. बेसॉल्टच्या पोकळ्यांच्या आतल्या बाजूला पुष्कळदा निळसर हिरवा मऊ लेप असतो, सेलॅडोनाइट नावाच्या खनिजाचा. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरव्यासाठी अशीच हिरवी माती वापरली होती. हा रंग दुबळा आहे, पारदर्शक आहे, एका थरात दिसतच नाही. पातळ पातळ थर चढवत गेलं की मग उमलतो. विहिरीच्या किंवा खाणीच्या टाकाऊ डबरात तो शोधा. कड्यावरून, लेण्याजवळून खरवडून काढू नका.

करायची रीत साधी आहे. माती वाळवा, खलात कुटा, भरपूर पाण्यात ढवळा. क्षणभर थांबून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, तळची वाळू फेका. असं तीन-चार वेळा केलं की शेवटच्या भांड्यात जो गाळ बसतो तोच तुमचा रंग. तो सुती फडक्यावर वाळवा. एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या, थोडा मध घाला, आणि जाड काचेवर रंगासोबत घोटा. बोटाला कण लागेनासे होईपर्यंत घोटा. डिंक कमी पडला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि सोलतो. आमच्याकडच्या पावसाळी हवेत बुरशी पक्की, म्हणून लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब टाका. आणि कोरडी पूड हाताळताना तोंडाला मास्क लावा. दगडाची धूळ फुप्फुसात जाते. आपण ती क्वचित हुंगतो, क्रशरवर काम करणारी माणसं रोज गिळतात.

त्या माणसांबद्दल बोलायलाच हवं. खाणीच्या चित्रात माणूस फक्त 'डोंगर किती मोठा' ते दाखवायला उभा करण्याची सवय फार वाईट आहे. वडार समाजाच्या कित्येक पिढ्या या कातळावर राबल्या. दगड कुठून फुटेल, कुठली भेग खोटी, कुठली खरी, हे त्यांना पहारीच्या आवाजावरून कळतं. त्यांच्याशी बोला, त्यांच्या अवजारांची चित्रं काढा, फोटो विचारून घ्या, आणि चित्र विकलं गेलं तर त्यांचा वाटा द्या. खाण बंद झाली पाहिजे असं तुमचं मत असेल तर तेही त्यांच्यासमोर बोलून दाखवा. त्यांचं उत्तर ऐकल्याशिवाय तुमचं काम पुरं होणार नाही.

मोठ्या मांडणीचं विचारलंत. परदेशातलं सर्वांत गाजलेलं भूमिशिल्प, रॉबर्ट स्मिथसनचं 'स्पायरल जेट्टी', १९७० मध्ये अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये उभं राहिलं. तेही काळ्या बेसॉल्टचं, ट्रक आणि लोडर लावून हजारो टन दगडमाती हलवून केलेलं. मला ते काम आवडतं. पण जिथे डोंगर आधीच डंपरने चालला आहे, तिथे कलेसाठी आणखी डंपर लावणं मला पटत नाही. मला जवळचा वाटतो तो इंग्रज कलाकार रिचर्ड लाँग. १९६७ मध्ये त्याने गवतावर येऊन-जाऊन चालत एक रेघ उमटवली आणि तिचा फोटो काढला, एवढंच. आपले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आणि लाँग यांचं काम २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला एकत्र मांडलं गेलं होतं. तांदळाच्या पिठाचा पांढरा आणि गेरू-शेणाची भिंत घेऊन मशे तिथवर पोचले. या विषयाला लागणारी सामग्री किती साधी असू शकते ते त्यावरून बघा. पेठ, सुरगाण्याकडच्या घरांच्या भिंती अजूनही हे शिकवतात.

एक विनंती मात्र हात जोडून करते. अंजनेरीच्या किंवा कुठल्याही सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, दगड रचून, गोल मांडून फोटो काढायची टूम आली आहे, ती करू नका. त्या कातळावर बोट-दोन बोटं माती असते आणि तेवढ्यावर वर्षभर वाट पाहिलेल्या वनस्पती पावसात उगवतात. सेरोपेजिया अंजनेरिका तर नावानेच अंजनेरीची आहे. दगडाखाली विंचू, सरडे, पाली यांची घरं असतात. दगड उचलला की घर उघडं पडतं.

परवानग्यांचं आटोपशीर सांगते. दगड, माती, मुरूम ही गौण खनिजं आहेत. विहिरीच्या कडेची मूठभर माती मालकाला विचारून घेतली तर प्रश्न नाही, पण मांडणीसाठी ब्रासभर माल आणायचा तर पावती असलेलाच आणा. चालू खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय आणि सुरुंगाची वेळ विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. पावसाळ्यात ताज्या कटिंगखाली बसू नका. कड्याला आग्या मोहोळ आहे का ते वर बघून मगच वही उघडा. चित्राच्या माहितीत 'मानवयुग' (अँथ्रोपोसीन) असा भूशास्त्रीय कालखंड ठरलेला आहे असं लिहू नका. तो प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने मतदानाने फेटाळला. शब्द चर्चेत वापरता येतो, ठरलेली गोष्ट म्हणून नाही. जुनं-नवं ताडून बघायला उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, आणि १८८३चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचलंत तर तेव्हा या डोंगरांवर काय होतं याचं वर्णन हाताशी येईल.

काम दाखवायचं कुठे? कुसुमाग्रज स्मारकात जरूर लावा, शहराने बघायलाच हवं. पण त्याआधी ज्या गावाचा छेद, त्या गावात न्या. ग्रामपंचायतीत, शाळेत, मारुतीच्या पारावर. विहिरी खणणारे आणि पाणाडे, म्हणजे जमिनीतलं पाणी कुठे लागेल ते सांगणारे, येतील आणि तुमच्या छेदावर बोट ठेवून सांगतील: ही माती, हा मुरूम, हा मांजऱ्या, हा गेरूचा पट्टा, इथून खाली काळा पाषाण. कुठे पाणी लागलं, कुठे सुरुंग फुकट गेला, तेही सांगतील. त्यांनी सांगितलेली नावं आणि फूट तिथल्या तिथे, त्यांच्यासमोर, चित्राच्या कडेला पेन्सिलीने लिहून घ्या, आणि तेच चित्र नंतर स्मारकात लावा. एक प्रत गावच्या शाळेला द्या. ती प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल धरते. साधी काचेची चौकट करा, मागून हवा खेळेल अशी, आणि पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, पावसाचा मारा तिकडूनच येतो.